जहाजावरचे उपग्रह इंटरनेट वारंवार तुटते, मंदावते आणि कोटा आधीच संपतो: कारण शोधायचे कसे

सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही, तरी मिरज, पलूस, कराड, पाटण अशा भागांतून मर्चंट नेव्हीत गेलेली मुले आता कमी नाहीत. जहाजावरची विजेची आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सांभाळणे हे माझे काम असल्यामुळे, सुट्टीवर सांगलीत आलो की या मुलांचे आईवडील आणि जहाजावर नव्याने रुजू झालेले ईटीओ, म्हणजे विजेच्या व इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचे अधिकारी, जवळपास एकाच शब्दांत तक्रार सांगतात. नेट चालते, मग बंद पडते, पुन्हा चालते, आणि महिन्याचा पंधरवडा उलटला की चालतच नाही. यावर जहाजावर ठरून गेलेला उपाय असा असतो की कॅप्टन ऑफिसला मेल करतो, ऑफिस सेवा देणाऱ्या कंपनीला कळवते, ती कंपनी मोठी योजना सुचवते, आणि मोठी योजना घेतल्यानंतर थोड्याच दिवसांत तीच तक्रार नव्याने सुरू होते.

माझे मत असे आहे की मोठी योजना हा सर्वांत शेवटी करायचा उपाय आहे. ‘नेट बंद पडते’ या एका वाक्याखाली अनेक वेगवेगळे बिघाड दडलेले असतात, त्यांपैकी काहींचा उपग्रहाशी काडीचाही संबंध नसतो, आणि ज्यांचा असतो त्यांतले बरेचसे पैसे टाकून सुटत नाहीत. म्हणून आधी कारण वेगळे काढावे आणि मग खर्चाचा विचार करावा.

आधी नोंद, मग दुरुस्ती

एकदाच झालेला बिघाड शोधणे अवघड असते, पण पुन्हा पुन्हा होणारा बिघाड स्वतःच आपले वेळापत्रक सांगतो. त्यासाठी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, एक साधी वही ठेवावी आणि संपर्क तुटला की यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ, जहाजाचे स्थान, जहाजाचे तोंड कोणत्या अंशावर आहे, आकाश स्वच्छ आहे की पाऊस आहे, संपर्क किती सेकंद किंवा मिनिटे गेला आणि परत कसा आला, एवढे लिहावे. यातली जहाजाच्या तोंडाची दिशा बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि नेमकी तीच नोंद सर्वांत जास्त उपयोगी पडते. चार-पाच दिवसांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की तुटणे घड्याळाला बांधलेले आहे, दिशेला बांधलेले आहे, हवामानाला बांधलेले आहे की तारखेला, हे दिसू लागते. त्यापूर्वी मॉडेम बंद करून चालू करण्याची सवय टाळलेली बरी. मॉडेम पुन्हा चालू केल्याने काही काळ बरे वाटते, परंतु त्याच्या आतल्या नोंदी अनेकदा पुसल्या जातात आणि सेवा देणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञाला मागे जाऊन पाहण्यासारखे काहीच उरत नाही.

केबिनपासून मॉडेमपर्यंत

जहाजाच्या राहण्याच्या भागात भिंती, दारे, छत सगळे पोलादाचे असते आणि वाय-फायच्या लहरी त्यातून जवळपास जातच नाहीत. मेसमध्ये किंवा कॉरिडॉरमध्ये बसवलेल्या ॲक्सेस पॉइंटवरून, म्हणजे वाय-फाय पसरवणाऱ्या डबीवरून, दार बंद केलेल्या केबिनमध्ये मिळणारा सिग्नल इतका क्षीण असतो की फोनवर वाय-फायच्या दोन रेषा दिसत असल्या तरी कॉल तुटतो. अशा वेळी उपग्रहाला दोष देण्यापूर्वी फोनवरून किंवा लॅपटॉपवरून प्रथम जहाजावरच्या राउटरला पिंग करून (छोटा संदेश पाठवून उत्तराला लागणारा वेळ मोजून) पाहावे, त्यानंतर उपग्रह मॉडेमला आणि शेवटी बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला. राउटरपर्यंतच माहितीची पाकिटे गळत असतील, तर कितीही महाग योजना घेतली तरी फरक पडणार नाही, आणि दहा मीटर नेटवर्क केबल टाकून एक जादा ॲक्सेस पॉइंट बसवला तर पडेल. ज्या माणसाची तक्रार सर्वांत मोठी आहे त्याला लॅपटॉप घेऊन थेट राउटरजवळ केबल लावून बसवणे ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे.

याच टप्प्यावर आणखी एक त्रास वारंवार दिसतो. क्रूला माणशी कोटा देणाऱ्या बऱ्याच यंत्रणा फोनची ओळख त्याच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे नेटवर्कवरच्या ओळख क्रमांकावरून, ठेवतात, आणि अलीकडचे फोन गोपनीयतेसाठी हा पत्ता बदलत राहू शकतात. परिणामी फोनला पुन्हा लॉगिन मागितले जाते, जुने व्हाउचर (कोट्याचा कोड) अडकून राहते आणि माणसाला वाटते की नेट गेले. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये जहाजाच्या नेटवर्कपुरता खाजगी पत्ता बंद केला की हे थांबते.

आपल्या जहाजावर कोणता उपग्रह आहे, हे माहीत हवे

संपर्क मंद आहे की मुळात तसाच असायला हवा, हे उपग्रह किती उंचीवर आहे यावर ठरते. पारंपरिक व्हीसॅट (छोट्या तबकडी अँटेनाची) यंत्रणा भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहांवर चालते आणि हे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. जहाजावरून उपग्रहाकडे, तिथून जमिनीवरच्या केंद्राकडे आणि त्याच वाटेने उत्तर परत, एवढ्या प्रवासाला प्रकाशाच्या वेगानेही सुमारे ४८० मिलिसेकंद लागतात आणि यंत्रणेतला विलंब धरून पिंग ६०० ते ७०० मिलिसेकंद दिसतो. हा आकडा पाहून दुरुस्तीला लागणाऱ्या ईटीओने थांबावे, कारण इथे दुरुस्त करण्यासारखे काही नाही. घरच्यांनीही हे लक्षात घ्यावे की अशा कॉलवर दोन्ही बाजू एकदम बोलू लागतात त्याचे कारण हा विलंब आहे, आणि आपले वाक्य संपवून क्षणभर थांबण्याची सवय केली तर तोच कॉल सुसह्य होतो.

स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर फिरतात, त्यामुळे तिथे पिंग शंभर मिलिसेकंदांच्या आत असणे अपेक्षित आहे. भर समुद्रात संदेश एका उपग्रहावरून दुसऱ्यावर लेसरने पुढे जात असेल तर तो काहीसा वाढतो. वनवेबचे उपग्रह साधारण १,२०० किलोमीटरवर आहेत. इरिडियमचे ६६ उपग्रह ७८० किलोमीटरवरून ध्रुवांसह सारी पृथ्वी व्यापतात, परंतु त्यांच्या सर्टस सेवेचा जहाजावरचा कमाल वेग ७०४ केबीपीएस आहे, आणि इन्मारसॅटच्या २००७ पासूनच्या फ्लीटब्रॉडबँडचा ४३२ केबीपीएस. या दोन सेवा एल-बँड या लांब लहरींच्या पट्ट्यावर चालतात, पावसात टिकतात आणि संकटकाळासाठी उत्तम आहेत, पण त्यांच्यावर वीस माणसांनी व्हिडिओ पाहण्याची अपेक्षा ठेवणे चूक आहे.

भूस्थिर यंत्रणेवर एक विशेष तक्रार येते: बाकी सगळे ठीक चालते, मात्र कंपनीच्या सर्व्हरवरून फाइल उतरवताना वेग एक एमबीपीएसच्याही खाली राहतो. टीसीपी या इंटरनेटवर माहिती पाठवण्याच्या पद्धतीत पाठवणारा संगणक ठरावीक माहिती पाठवून पोच येण्याची वाट पाहतो. ही मर्यादा जुन्या सॉफ्टवेअरप्रमाणे ६४ किलोबाइट असेल आणि पोच यायला ०.६ सेकंद लागत असतील, तर गणिताने वेग सुमारे ०.८७ एमबीपीएसच्या पुढे जाऊच शकत नाही, मग योजना वीस एमबीपीएसची का असेना. मॉडेममधली गती वाढवणारी सोय ही अडचण दूर करते, पण व्हीपीएन (ऑफिसशी जोडणारा सुरक्षित खाजगी मार्ग) वापरला की आतली माहिती कूटबद्ध होते, मॉडेमला ती ओळखता येत नाही आणि ती सोय निकामी ठरते. ऑफिसचा व्हीपीएन बंद करता येत नसेल तर प्रवेगक सोय व्हीपीएनच्या आधी बसवावी लागते, आणि हे काम जमिनीवरच्या आयटी विभागाचे आहे.

दिशा, पाऊस आणि रडार

जहाज एका विशिष्ट दिशेला चालू असतानाच संपर्क जातो आणि मार्ग बदलला की येतो, असे नोंदीत दिसले तर अडथळा जहाजावरच आहे. भूस्थिर उपग्रहासाठीची अँटेना आकाशातल्या एकाच बिंदूकडे पाहत असते, आणि जहाज वळले की तो बिंदू जहाजाच्या मानाने फिरतो. तो मास्टच्या (उंच खांबाच्या), फनेलच्या (धुराड्याच्या) किंवा क्रेनच्या मागे गेला की संपर्क तुटतो. याला अक्षांशाची जोड आहे. सांगलीच्या अक्षांशावर, म्हणजे जवळपास १७ अंश उत्तरेला, बरोबर दक्षिणेला असलेला भूस्थिर उपग्रह क्षितिजापासून सुमारे ७० अंश उंच दिसतो आणि त्याच्या आड सहसा काही येत नाही. जहाज उत्तर युरोपकडे ५५ अंशांवर गेले की तोच कोन २७ अंशांच्या आसपास उतरतो आणि डेकवरची प्रत्येक उंच वस्तू आड येऊ लागते. त्यामुळे ‘अरबी समुद्रात उत्तम चालत होते, रॉटरडॅमला जाताना बिघडले’ ही तक्रार बहुतेक वेळा अँटेना नादुरुस्त झाल्याची नसते. दुसरी अँटेना जहाजाच्या विरुद्ध बाजूला बसवणे हाच खरा उपाय आहे. ते शक्य नसेल, तर निदान अँटेना कंट्रोल युनिटमधील अंध क्षेत्राच्या, म्हणजे अडथळा धरलेल्या दिशांच्या, मर्यादा प्रत्यक्ष मास्टशी जुळवून पाहाव्यात, कारण जहाज यार्डातून बाहेर पडताना त्या अंदाजाने भरलेल्या असू शकतात आणि मोकळे आकाशही त्यांत बंद म्हणून नोंदलेले असू शकते.

वळण घेतल्यानंतर संपर्क जातो, पण सरळ मार्गावर आल्यावरही बराच वेळ परत येत नाही, अशी नोंद असेल तर जायरो कंपासची जोडणी तपासावी. अँटेनाला जहाजाचे तोंड कुठे आहे हे जायरोकडून कळते. त्या तारेतून चुकीचा आकडा येत असेल किंवा येणेच थांबले असेल, तर अँटेना भलत्याच भागात उपग्रह शोधत बसते. कंट्रोल युनिटवर दिसणारा अंश आणि ब्रिजवरच्या जायरोचा अंश शेजारी शेजारी पाहिले की एका मिनिटात खुलासा होतो.

स्टारलिंकसारख्या सपाट अँटेनेची गोष्ट निराळी आहे. ती आकाशाचा मोठा भाग एकाच वेळी पाहते, उपग्रह तिच्यावरून मिनिटागणिक सरकत असतात आणि कोणता उपग्रह कोणाला सेवा देणार याची वाटणी दर पंधरा सेकंदांनी नव्याने होते. म्हणून अडथळा असला तर संपर्क तासभर जात नाही, तो काही सेकंद जातो आणि परत येतो, दिवसभर असेच चालते. मेल आणि संदेशांना हे जाणवतही नाही, व्हिडिओ कॉलला मात्र नेमके हेच मारक ठरते. ही अँटेना मंकी आयलंडवर, म्हणजे ब्रिजच्या छतावर, सर्वांत उंच आणि मोकळ्या जागी हवी. केबल पुरत नाही म्हणून ती फनेलच्या कडेला बसवलेली जहाजे मी पाहिली आहेत. फनेल आकाश तर झाकतोच, शिवाय उष्ण वायू आणि काजळीही देतो. या अँटेनांची कामाच्या तापमानाची वरची मर्यादा ५० अंश सेल्सिअस आहे. उन्हाळ्यात इराणच्या आखातात पोलादी डेकजवळ ती गाठायला फनेलचीही गरज लागत नाही, आणि दुपारी बारा ते चार या वेळेतच नेट जाते अशी नोंद असेल तर प्रथम हाच संशय घ्यावा. पृष्ठभागावर साचलेले मीठ गोड्या पाण्याने धुणे हे काम बोसनच्या (डेकवरच्या मुकादमाच्या) नेहमीच्या यादीत टाकून द्यावे.

पावसाचा परिणाम आपल्याकडे घराघरात माहीत आहे. आषाढातल्या जोरदार सरीत डीटीएचचे चित्र गोठते ते केयू-बँड या पट्ट्यातल्या आखूड लहरी पावसात शोषल्या आणि विखुरल्या जातात म्हणून, आणि जहाजावरच्या बहुतेक व्हीसॅट यंत्रणा व स्टारलिंक त्याच पट्ट्यात काम करतात. केए-बँडची तरंगलांबी सेंटीमीटरच्या घरात, म्हणजे पावसाच्या थेंबांच्या आकाराच्या आणखी जवळ असल्यामुळे तिथे हा त्रास अधिक असतो, तर एल-बँडच्या सुमारे वीस सेंटीमीटर लांबीच्या लहरींना पाऊस जवळपास जाणवतच नाही. सर ओसरल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत संपर्क आपोआप परत येत असेल तर काहीही करू नये. पाऊस थांबूनही दिवसभर सिग्नल कमी राहत असेल तर रेडोमच्या (अँटेनावरच्या घुमटाच्या) खालचे केबलचे जोड उघडून पाहावेत, कारण तिथे पाणी शिरून तांबे हिरवे पडणे हा जहाजांवरचा जुना रोग आहे.

रडारचा अडथळा दुर्मीळ असतो पण ओळखायला सोपा. एक्स-बँड रडार ९.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते, केयू-बँडच्या ग्रहणाच्या पट्ट्यापासून ते फार दूर नाही, आणि त्याची अँटेना मिनिटाला चोवीसच्या सुमारास फेऱ्या मारते. पिंगचा आलेख साधारण अडीच सेकंदांच्या ठेक्यावर बिघडत असेल तर उपग्रह अँटेना रडारच्या झोताच्या उंचीवर बसवली आहे, असे समजावे. ती वर किंवा खाली हलवण्याखेरीज दुसरा उपाय नाही.

वर चढण्यापूर्वी एक सूचना आवश्यक आहे. रेडोम उघडताना यंत्रणेचे प्रक्षेपण बंद करून, रडार थांबवून आणि उंचीवरच्या कामाचा परवाना घेऊनच चढावे. नेट लवकर सुरू व्हावे म्हणून खाली उभे राहिलेले लोक घाई करतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.

किनारा जवळ आला की बंद

भर समुद्रात उत्तम चालणारे नेट बंदराजवळ बंद पडते, ही तक्रार तंत्रज्ञानाची नसून परवान्याची असण्याची शक्यता जास्त आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटरांहून थोडे अधिक, हे प्रादेशिक जलक्षेत्र असते, आणि तिथे कोणती उपग्रह सेवा चालू द्यायची हे ते राष्ट्र ठरवते. भारतात जहाजावरच्या इंटरनेटसाठी २०१८ मध्ये विमान व सागरी संपर्क नियम आले आणि त्यांनुसार सेवा परवानाधारक कंपनीमार्फतच घ्यावी लागते. चीनच्या हद्दीतही परदेशी उपग्रह इंटरनेट असेच बंद ठेवावे लागते. सेवा देणाऱ्या कंपन्या स्थानावरून सेवा आपोआप थांबवतात, त्यामुळे नोंदवहीतल्या स्थानांवर १२ मैलांची रेघ ओढून पाहिली की शंका मिटते. अशा वेळी किनाऱ्याचे मोबाइल सिम किंवा राउटरला जोडलेला फोर-जी मॉडेम वापरणे हाच सरळ मार्ग आहे. जाता जाता सांगायचे म्हणजे, परदेशी बंदरात स्वस्त मिळाला म्हणून उपग्रह फोन विकत घेऊन घरी सांगलीला आणण्याचा विचार कोणी करू नये. थुराया आणि इरिडियमचे फोन भारतात विना परवानगी बाळगणे गुन्हा आहे आणि विमानतळावर त्यासाठी अटक झालेली आहे.

कोटा कुठे जातो आणि पैसा कुठे जातो

माझ्या पाहण्यातल्या तक्रारींचा मोठा हिस्सा इथेच मिटतो. स्टारलिंकने जुलै २०२२ मध्ये जहाजांसाठी सेवा जाहीर केली तेव्हा तिचा मासिक दर ५,००० डॉलर होता आणि यंत्रसामग्री १०,००० डॉलरची. २०२३ मध्ये दर माहितीच्या प्रमाणात झाले आणि ५० जीबीची योजना २५० डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण वीस हजार रुपयांना, तर एक टीबीची १,००० डॉलरला मिळू लागली. दर आणि अटी त्यानंतरही बदलत राहिल्या आहेत, म्हणून आजचा आकडा करारातच पाहावा, पण गणिताची रीत तीच राहते. जहाजावर पंचवीस माणसे असतील तर ५० जीबीत माणशी महिन्याला दोन जीबी येतात, म्हणजे दिवसाला ७० एमबीसुद्धा नाहीत. एक एमबीपीएस वेगाने चालणारा व्हिडिओ कॉल तासाला सुमारे ४५० एमबी खातो. म्हणजे एका माणसाचा महिन्याचा वाटा साडेचार तासांच्या कॉलमध्ये संपतो, आणि त्याने त्याशिवाय काहीही पाहिलेले नाही असे धरले आहे. एक टीबीत मात्र तोच वाटा ४० जीबी होतो.

प्रत्यक्षात कोटा माणसांच्या कॉलपेक्षा यंत्रांच्या चाळ्यांत जास्त जातो. फोनमधले फोटो आपोआप क्लाउडवर चढतात, ॲप स्वतःहून अद्ययावत होतात, व्हॉट्सॲपच्या गटांतले व्हिडिओ न पाहताही उतरतात. क्रू बदलल्यानंतरचे दोन-तीन दिवस वापराचा आलेख एकदम उसळतो, कारण नवी मंडळी घरून भरलेले फोन घेऊन येतात आणि राहिलेले सगळे बॅकअप जहाजाच्या नेटवर सुरू होतात. मायक्रोसॉफ्टची विंडोजसाठीची मासिक दुरुस्ती अमेरिकी वेळेनुसार दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते, त्यामुळे दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर सगळे लॅपटॉप एकदम ओढू लागतात. ‘दर महिन्याला याच सुमारास नेट मरते’ या तक्रारीचे उत्तर कित्येकदा एवढेच असते. लॅपटॉपवर जहाजाचे वाय-फाय मीटर्ड (मर्यादित डेटाचे) म्हणून नोंदवणे, फोनवर डेटा बचत सुरू करणे आणि राउटरवर बॅकअप सेवा रात्रीपुरत्या किंवा बंदरातल्या मोबाइल नेटपुरत्या मर्यादित करणे, या गोष्टींना पैसे पडत नाहीत.

संध्याकाळी सात ते दहा या वेळेतली मंदीही याच जातीची आहे, फक्त ती कोट्याची नसून वेगाची आहे. म्हैसाळ योजनेच्या कालव्यावर वरच्या भागातले पंप एकदम सुरू झाले की टेलच्या (शेवटच्या टोकाच्या) शेतकऱ्याकडे पाणी पोहोचत नाही, तसे जेवणानंतर सगळ्यांनी एकदम घरी कॉल लावले की शेवटच्या केबिनला काही उरत नाही. व्हीसॅटच्या करारात ठळक छापलेला वेग कमाल असतो. हमीचा वेग वेगळा लिहिलेला असतो, तो पुष्कळदा कमाल वेगाच्या लहानशा अंशाएवढा असतो आणि बाकीची वाट त्याच उपग्रहावरच्या इतर जहाजांबरोबर वाटून घ्यायची असते. योजना बदलण्यापूर्वी हा दुसरा आकडा विचारावा. राउटरवर माणशी वेगाची मर्यादा घातली तर कोणालाच फार वेगवान नेट मिळत नाही, पण सर्वांचे कॉल टिकतात, आणि जहाजावरची शांतता पाहता मला ती व्यवस्था योग्य वाटते. वॉचप्रमाणे (कामाच्या पाळ्यांप्रमाणे) वेळा वाटून घेणे हाही उपाय आहे, मात्र तो कॅप्टनने शिक्षेसारखा न वापरता मेसमध्ये सर्वांशी बोलून ठरवावा.

बिल अचानक फुगण्याचे कारण बहुधा बिघाडातच असते. मुख्य व्हीसॅट तुटली की राउटर आपोआप राखीव एल-बँड जोडणीवर जातो. तिथे सगळा क्रूचा वापर अडवलेला नसेल, तर ज्या जोडणीवर एका एमबीला काही डॉलर पडू शकतात तिच्यावरून कोणाचे तरी फोटो क्लाउडवर चढत राहतात. काही करारांत राखीव वापर मोफत धरलेला असतो, काहींत नसतो. आपला कोणत्या प्रकारचा आहे हे ईटीओला ठाऊक असायला हवे, आणि काहीही असले तरी राखीव जोडणीवर फक्त जहाजाचे मेल, हवामान आणि नकाशांची दुरुस्ती एवढेच जाईल असा नियम राउटरमध्ये लिहावा. जीएमडीएसएस ही समुद्रावरची संकटसंदेश यंत्रणा क्रूच्या इंटरनेटपासून वेगळी असते आणि वेगळीच राहू द्यावी.

खर्च परवडत नाही असे ऑफिस म्हणत असेल तर दोन गोष्टी नम्रपणे मांडता येतात. २००६ च्या सागरी श्रम करारातल्या २०२२ च्या दुरुस्त्या २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाल्या आहेत. त्यांच्या मार्गदर्शक भागात जहाजमालकांनी शक्य असेल तिथवर क्रूला इंटरनेट द्यावे आणि शुल्क घेतलेच तर ते वाजवी असावे असे म्हटले आहे, आणि भारताने हा करार २०१५ मध्ये स्वीकारलेला आहे. मार्गदर्शक भाग सक्तीचा नाही, हेही मान्य करावे. दुसरी गोष्ट म्हणजे मोठे मालवाहू जहाज दिवसाला वीस-तीस टन इंधन जाळते आणि २०२३ च्या सुमारास त्याचा दर टनाला पाचशे-सहाशे डॉलरच्या घरात होता, म्हणजे २०२३ च्या दराने एक टीबीचा महिन्याचा खर्च सुमारे दोन टन इंधनाएवढा होतो.

घरचे टोक

सगळ्या चाचण्या नीट येऊनही एकाच माणसाचा कॉल तुटत असेल तर घराकडे पाहावे. पाटण आणि जावळीच्या खोऱ्यांत, शिराळ्याच्या डोंगरी भागात मोबाइलचा मनोरा दूर असतो, आणि वीज गेली की तो बॅटरी असेपर्यंतच चालतो. जहाजावरून त्याच मिनिटाला सांगली किंवा कराड शहरात ब्रॉडबँड असलेल्या एखाद्या नातेवाइकाला कॉल लावून पाहावा. तो नीट लागला तर उपग्रह निर्दोष आहे. घरी खिडकीजवळ किंवा गच्चीवर जाऊन बोलणे, चित्र बंद करून फक्त आवाज ठेवणे आणि फोन टू-जीवर घसरत नाही ना हे पाहणे, एवढ्याने बहुतेक घरांचे काम भागते. कृष्णेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर मी सांगलीकाठच्या प्रत्येक कुटुंबाला सांगतो की जहाजावरच्या मुलाकडे पूररेषेबाहेर राहणाऱ्या एका नातेवाइकाचा नंबर असलाच पाहिजे, कारण घरचा फोन लागत नाही म्हणून समुद्रात हवालदिल झालेल्या माणसाला जहाजाचे नेट कितीही चांगले असून उपयोग नसतो.

तरीही सुटले नाही तर

कधी कधी दोष खरोखर वरचाच असतो. २४ जुलै २०२५ रोजी स्टारलिंकची सेवा अंतर्गत सॉफ्टवेअरच्या बिघाडामुळे जगभर सुमारे अडीच तास बंद होती. भारतात तेव्हा २५ तारखेची मध्यरात्र उलटून गेली होती. अशा वेळी मास्टवर चढण्यापूर्वी व्हीएचएफ रेडिओवर जवळच्या जहाजाला विचारावे. त्याच सेवेवरचे शेजारचे जहाजही अंधारात असेल तर चहा घेऊन वाट पाहावी.

ते नसेल आणि कारण जहाजावरही सापडत नसेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीला मेल पाठवताना ‘नेट वारंवार जाते’ एवढेच लिहू नये. तसे लिहिले की उत्तरात मॉडेम बंद करून चालू करा असेच येते. नोंदवहीतल्या तीन-चार घटना यूटीसी वेळ, स्थान आणि जहाजाच्या दिशेसह लिहाव्यात, राउटर, मॉडेम आणि बाहेरचा सर्व्हर अशा तिन्ही पिंगचे निकाल वेगवेगळे जोडावेत, मॉडेमवर त्या वेळी दिसलेली सिग्नलची पातळी आणि अँटेनाची स्थिती टिपावी, त्या दिवसापर्यंतचा डेटावापर कळवावा, आणि जहाज वळल्यावर किंवा दुसऱ्या अँटेनावर गेल्यावर फरक पडला की नाही हे स्पष्ट सांगावे. मेलची एक प्रत ऑफिसच्या तांत्रिक अधीक्षकाकडे जाऊ द्यावी आणि एक हँडओव्हरच्या फाइलमध्ये ठेवावी, म्हणजे पुढच्या ईटीओला तीच चौकशी पहिल्यापासून करावी लागणार नाही.